कागदावर नसलेली तिकोनी

थंडी पडायला लागली की माझ्या वयाच्या लोकांचे गुडघे जागे होतात. माझा राग जागा होतो. वर्षभर तो गुमान पडून असतो, कुणाला त्रास देत नाही. पण दिवाळी उरकली, सकाळी संत्र्यांच्या गाड्या दिसायला लागल्या आणि मैदानावर प्रदर्शनाचं सामान उतरलं, की मला घरात करमत नाही. मफलर गुंडाळून मी निघतो आणि कुंपणाबाहेर उभा राहून आतलं काम बघतो. बायको म्हणते, "आता तरी सोडून द्या ना जी." काय सोडून द्या, ते ती बोलत नाही. तिला माहीत आहे.

आताचे स्टॉल खोक्यातून निघतात. ॲल्युमिनियमचे खांब, खाचेत खाच, एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने छापील कापड ताणायचं. चहा निवायच्या आत दुकान उभं. वास नाही, ठिणगी नाही, कुणाचा हात भाजत नाही. चांगलंच आहे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी डिसेंबरच्या पहाटे लोखंडी पाइप उघड्या हाताने धरलेला नसतो. तो चावतो.

मी सांगतो तो हिवाळा सत्तरच्या दशकातला. शहरातल्या सदर भागात कपबश्या आणि काचसामानाचं एक मोठं दुकान होतं. नाव लिहीत नाही, उगाच फुकट जाहिरात व्हायची. दुकानामागच्या अंगणात पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये आम्ही लोखंडाचं काम करायचो. मालकांचा हिशेब सरळ होता. दर हिवाळ्यात प्रदर्शनात स्टॉल लावायचा असतो, दुकानाला रॅक लागतात, काउंटर लागतात, मग ते बाहेरून कशाला करून घ्यायचं? घरचाच कारखाना बरा. पुढे इतर दुकानदारही आमच्याकडून स्टॉल करून घ्यायला लागले. मालक तसे चांगले होते, म्हणजे बोलायचे नाहीत. कारभार सगळा मालकीणबाईंचा.

त्या शेडचा वास अजून माझ्या नाकात आहे. गॅससाठी पाण्यात टाकलेल्या कार्बाइडचा उग्र, सडक्या लसणासारखा वास, त्यात ओल्या रंगाचा आणि दुपारी सोललेल्या संत्र्यांचा. संत्र्याच्या सालीचं पाणी भाजलेल्या बोटांना असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं, तरी खायचो. थंडीत रंग लवकर वाळायचा नाही. रंगवलेले रॅक उन्हात काढून ठेवायचे आणि ऊन सरकेल तसे तेही सरकवायचे, अंगणभर, कोंबड्या राखल्यासारखे. आमचे वासुदेव मिस्त्री विडी ओढत त्या रॅकांच्या मागे मागे फिरायचे आणि ऊन पळालं की उन्हालाच शिव्या द्यायचे.

मिस्त्रींनी मला वेल्डिंग शिकवलं असं म्हणता यायचं नाही, ते मी आयटीआयमधून शिकून आलो होतो. त्यांनी मला तिकोनी शिकवली. मालकीणबाई चौकटीच्या कागदावर निळ्या पेन्सिलने रॅक काढून द्यायच्या. उभे चार पाय, आडवे पाइप, वर काच. कागदावर तो छान उभा राहायचा, कारण कागदावर कुणी चालत नाही. खराखुरा रॅक कोपऱ्यांत लचकतो. म्हणून मिस्त्री कापून उरलेल्या पत्र्यातून त्रिकोणी तुकडे काढायचे आणि कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला, दिसणार नाहीत असे बसवायचे. त्याचं नाव तिकोनी. ती कुणी सांगितलेली नसायची, कुणी मागितलेली नसायची, कुणाला दिसायचीही नाही. भाजीवाली वर चार काड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकते, तसं ते होतं. मी पहिल्यांदा विचारलं, "मिस्त्री, हे कागदावर कुठं आहे?" तर ते म्हणाले, "कागदावरचं तं सारेच करतेत गा. हे आपलं हाय."

आता मायबद्दल सांगतो, कारण राग तिच्यासाठीचा आहे.

माय भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मिरची वाळत घातलेलं मोठं उघडं मैदान. लाल रंग नजर पोहोचेल तिथपर्यंत, आणि त्यात ओळीने बसून देठं मोडणाऱ्या बायका. बाप लवकर गेला, त्यानंतर तिने मला देठं मोडूनच शिकवलं. सकाळी जमिनीवर बसायची ती दिवस कलल्यावर उठायची. तिच्या हाताची आग कधी जायची नाही. लहानपणी तिने मला कधी गालाला हात लावून कुरवाळलं नाही. मनगटाने कुरवाळायची. माझं लाड करून घ्यायचं वय असंच मनगटावर गेलं, आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असंच करतात.

त्या वर्षीच्या स्टॉलसाठी मी एक खुर्ची केली होती. मधोमध ठेवायची, शोभेची, पण बसता येईल अशी. पाइप वाकवायचा तर तो चपटा होतो. म्हणून त्यात कन्हान नदीची कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायची, पाइप लाल तापवायचा आणि हळूहळू ओढत न्यायचा. घाई केली की गेला. त्या खुर्चीच्या पाठीचा बाक मला इतका साधला, की मिस्त्री दोनदा बोट फिरवून काहीच न बोलता निघून गेले. एवढं कौतुक त्यांनी कधी कुणाचं केलं नव्हतं. वर निकेल चढवून आणलं तेव्हा ती खुर्ची आरशासारखी झाली. मी मायला निरोप धाडला, ये आणि माझं काम पाहून जा, मधली खुर्ची माझी आहे, तिच्यावर बसून पाह.

ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आली. इतवारी स्टेशनला उतरून विचारत विचारत मैदानावर पोहोचली. उद्‌घाटन संध्याकाळी होतं आणि मी शिडीवर चढून पाटीची अक्षरं बसवत होतो. वरून मला ती दिसली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. ती समोरून स्टॉलमध्ये शिरली, सगळीकडे पाहिलं, आणि खुर्चीजवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग बसली. पूर्ण टेकून बसली. मी तिला माझ्या अख्ख्या आयुष्यात असं टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या पडद्यातून मालकीणबाई आल्या.

"ओ बाई, उठा! ही बसायची खुर्ची नाही."

"माह्या पोरानं केली जी, तोच म्हने का..."

"आधी ऊठ. आणि पाइपला हात नको लावू, डाग पडतो."

'उठा'चं 'ऊठ' व्हायला एवढासाच वेळ लागला. माय उठली. नुसती उठली असती तर कदाचित मी विसरलो असतो. ती हसली. चूक झाली, माफ करा, असं म्हणणारं ते ओशाळं हसू होतं, आणि ते माझ्या मायच्या तोंडावर होतं. मालकीणबाईंनी काउंटरवरचं फडकं घेतलं आणि तिचा हात जिथे जिथे लागला होता तिथे तिथे खुर्ची पुसून काढली. पाहुणे यायचे होते ना.

जात पाहून उठवलं की लुगडं पाहून, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. उठणाऱ्याला दोन्हीत सारखंच लागतं.

मी शिडीवरून उतरेपर्यंत माय बाहेर पोहोचली होती. मी आत जायला वळलो तर तिने माझं मनगट पकडलं. "काई बोलू नको. लागलं काम सुटन." तिची मूठ मिरचीने गरम होती. मी सुटायला बघत होतो आणि ती सोडत नव्हती. इतवारीच्या फलाटावर गाडीत बसेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "खुर्ची मजबूत केली रे बाबू." तिला बरं वाटावं म्हणून मी हसलो, आणि घरी येऊन तोंडात गमछा धरून रडलो.

विहारात भंतेजी सांगतात, वैर सोडा. मी हात जोडून ऐकतो, ते बोलतात त्यातलं सगळं मला पटतं. मग बाहेर येऊन चपला घालतो आणि चपलांबरोबर वैरही पायात घालून घरी येतो. काय करणार? मी संत माणूस नाही, वेल्डर आहे. दोन तुकडे जोडायला आधी दोन्ही तापावे लागतात. इथे तापलेला एकटा मीच होतो, त्या बाईंना तर काही झालं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

सूड कसा घ्यावा, याचे सगळे प्रकार मी मनात करून पाहिले. नोकरी सोडावी, तर लागलं काम सुटू नये म्हणूनच मायने माझं मनगट धरलं होतं. मोडतोड करावी, तर माझ्या हातचं काम मीच मोडायचं, ते हाताला मान्य नव्हतं. संधी त्यांनीच आणून दिली. संक्रांतीनंतर लग्नसराईच्या आत दुकान नवं करायचं ठरलं. कपबश्यांसाठी भिंतभर रॅक, पाइपचे, वर काचेची फळी. निळ्या पेन्सिलचा कागद माझ्या हातात ठेवून मालकीणबाई म्हणाल्या, "जसं काढलंय तस्संच हवं. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

मी चालवलं नाही. जसं काढलं होतं तस्संच केलं. प्रत्येक जोड असा वेल्ड केला की कुणी बोट ठेवू नये. गुण्या लावून कोपरे तपासले. फक्त तिकोनी लावली नाही. एकाही कोपऱ्यात नाही.

मिस्त्रींच्या ते लक्षात आलं. त्यांनी उरलेल्या पत्र्याचा एक तुकडा उचलला, कोपऱ्यात धरून पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. मैदानावरची गोष्ट त्यांना कळलेली होती.

"हालन गा हे."

"हालू द्या."

"पडन?"

"पडणार नाही. मी पाहिलं आहे."

मिस्त्रींनी तुकडा परत ढिगात टाकला आणि विडी प्यायला बाहेर गेले. पडू तर मी देणारच नव्हतो. कुणाच्या अंगावर पडलं तर ते पाप, आणि शिवाय पडलं तर एकदाच पडतं. मला रोज हवं होतं.

रॅक भिंतीला लागले, काचा चढल्या, कपबश्या मांडल्या गेल्या, आणि दुकान वाजायला लागलं. कुणी जरा टाच आपटून चाललं की किणकिण. रस्त्यावरून ट्रक गेला की किणकिण. भरल्या अंगाची गिऱ्हाईक बाई आत आली की पहिल्या रॅकपासून शेवटच्या रॅकपर्यंत किणकिण नुसती धावत जायची. गिऱ्हाइकं दचकून वर बघायची. मालकीणबाईंनी रॅकच्या पायांखाली कागदाच्या घड्या घातल्या. रबर घातलं. कपांमध्ये कापूस ठेवला, तर दुकान दवाखान्यासारखं दिसायला लागलं, म्हणून काढला. उंदीर असतील म्हणून पिंजरे लावले. शेवटी दाराला लिंबू-मिरची टांगली. ती पाहून मला जे सुख झालं ते कागदावर उतरवता येत नाही.

मी मागे शेडमध्ये कानस चालवत असायचो आणि मधेच थांबून ऐकायचो. वाजलं की परत कानस. मिस्त्री म्हणायचे, "झालं का आयकून? आता काम कर." लोक म्हणतात सुडाने समाधान मिळत नाही. ज्यांनी पुरेपूर घेतला नाही ते असं म्हणतात. मला भरपूर मिळालं. फक्त एक खुपायचं. ऐकायला हवी होती ती भिवापूरला जमिनीवर बसून देठं मोडत होती.

त्यांनी मिस्त्रींना बोलावून रॅक तपासायला लावले. मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सारं बराबर हाय बाईसाहेब. तुमी सांगतलं तसंच हाय." पण बाई मूर्ख नव्हत्या. मिस्त्री हसू दाबून राहिलेत हे त्यांनी ओळखलं आणि मला समोर उभं केलं.

"काय कमी ठेवलंस यात?"

"कागदावर आहे ते सगळं आहे."

"मग वाजतं कसं?"

"कागदावर नव्हतं ते लावलं नाही."

"काढून टाकीन तुला."

"काढा. वाजायचं थांबणार नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. आम्ही दोघंही थांबून ऐकत राहिलो. मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "काय हवंय तुला?"

मी म्हणालो, "माझ्या मायला दुकानात बोलवा. समोरच्या दाराने. ती मैदानावरची खुर्ची मांडा आणि तिला या, बसा म्हणा. मग मी सगळे कोपरे पक्के करून देतो."

त्यांनी कपाळाला आठी घातली. खरंच आठवायचा प्रयत्न केला, अगदी प्रामाणिकपणे. आणि म्हणाल्या, "कोण तुझी आई?"

मला वाटलं होतं, माझा राग तोवर थोडा निवला असेल. त्या तीन शब्दांनी तो आजपर्यंत पुरेल एवढा भरून दिला.

पुढच्या ट्रकला भिंत पुन्हा वाजली तेव्हा बाईंनी, आण तुझ्या आईला, म्हटलं आणि मी भिवापूरला गेलो. मिरचीच्या तिखट धुळीने सातऱ्याच्या कडेलाच मला ठसका लागला. ती म्हणाली, "मले नाई यायचं. कायले? तिच्या खुर्चीत बसून माह्यं काय वाढून राहिलं?" मी खुर्ची माझी आहे म्हणालो. ती देठं मोडत राहिली. सकाळी उठून पाहतो तर ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ओसरीत तयार बसली होती. "चाल," म्हणाली, "गाडी जाईन." कपबश्यांच्या वाजण्याबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक होतं. मी हातात पिशवी घेऊन मागे उभा राहिलो. पिशवीत हातड्रिल, नटबोल्ट आणि रात्रीच कापून ठेवलेल्या तिकोन्या होत्या. खुर्ची समोरच मांडली होती. मालकीणबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "या बाई. बसा."

माय बसली. हळूच, कडेवर. मग थोडी मागे सरकली. चहा आला, चांगल्या, सोनेरी काठाच्या कपात. ती सावकाश प्यायली. तेवढ्यात एक कुटुंब लग्नाची खरेदी करायला आत शिरलं आणि भिंतभर किणकिण धावत गेली. मायने मान वर केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"तुनं केलं?" तिने अगदी हळू विचारलं.

मी मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती.

मालकीणबाई जवळ आल्या. "झाला ना चहा? आता करू दे त्याला काम."

"होईन ना," माय म्हणाली. "घाई काय हाय."

आणि पदर सावरून ती मागे टेकली, मैदानावर टेकली होती तशी, पूर्ण. दोन्ही हात खुर्चीच्या चकचकीत पाइपवर ठेवले. गिऱ्हाइकं येत होती, तिच्याकडे पाहत होती, काही जण तिला मालकांच्या घरचीच कुणी समजून वाट सोडत होते. किणकिण चालू होती. मालकीणबाई काउंटरमागून बघत होत्या, घड्याळाकडे, माझ्याकडे, तिच्याकडे. शेवटी त्यांना राहवेना.

"काही दाखवू का तुम्हाला? घ्यायचंय का काही?"

"घ्याले नाई आली वं मी," माय म्हणाली. "बसाले आली."

सदरच्या त्या दुकानात मालकीणबाईंना कुणी 'वं' म्हणून, बरोबरीच्या बाईसारखं, बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. मी पिशवीतलं ड्रिल काढायला वाकलो, शब्द दिला होता म्हणून. मायने शेजारच्या, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर दोन बोटांनी टकटक केलं.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "तू बी बस."

मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो.